मेन्यूला दिलेले मिस्ड कॉल

ओकेयोने मला आयुष्यात पहिल्यांदा काही दिलं असेल, तर ते म्हणजे मिस्ड कॉल.

फोन एकदाच वाजला... आणि गप्प झाला. नंबर अनोळखी होता. मी किबुये बाजारात आईच्या मासळीच्या गाळ्यासमोर, शिंप्याच्या पत्र्याखाली अडकले होते. किसुमूचा पाऊस सरोवराकडून दुपारी येतो, एखाद्या साहेबासारखा. सगळ्यांना तासभर ताटकळत ठेवतो आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने निघून जातो.

त्या काळी आमच्याकडे मिस्ड कॉलची अख्खी भाषा होती. एक रिंग म्हणजे मला फोन कर. दोन म्हणजे सुखरूप पोचले. तीन म्हणजे पाहुणे आणतेय, उगालीला पीठ जास्त टाक. आणि सगळ्यात मोठा नियम असा की मुलगी मिस्ड कॉल देते, मुलगा फोन करतो. मुलाच्या खिशात काही नसलं तरी आया एक वेळ चालवून घ्यायच्या. मुलीला मिस्ड कॉल देणारा मुलगा मात्र कुठल्याच घरात चालत नव्हता.

हे त्या अनोळखी माणसाला माहीत नसावं. मी त्याला उलट मिस्ड कॉल दिला.

माझ्यापासून तीन फुटांवर कोंबडा आरवला.

कोंबडा एका तरुणाच्या शर्टाच्या खिशात होता. तरुण उंच, ओला, आणि पोटाशी पावाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी धरून उभा होता. त्याने फोन काढला, नंबर बघितला आणि मला पुन्हा मिस्ड कॉल दिला. माझा फोन वाजला. त्याने मान वळवली. मी त्याच्याकडे बघत त्याला परत दिला. कोंबडा आरवला.

"तू होय?" तो म्हणाला.

"तू कोण?"

"तो बोर्डवरचा नंबर..." त्याने आईच्या गाळ्याकडे बोट केलं. "ताजी न्गेगे आहे का, विचारायचं होतं."

"गाळा दहा पावलांवर आहे. ओरडून विचारायचं."

"पत्र्यावर पाऊस किती वाजतोय. ऐकू गेलं नसतं."

"मग फोन करायचा!"

"बॅलन्स नाही."

"आणि मासा घ्यायला पैसे आहेत?"

"नाहीत ना. म्हणूनच ताजा आहे का ते विचारत होतो. शिळा असता तर परवडला असता."

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण आई गाळ्यातून बघत होती.

पिशवीत लॅपटॉप होता. तो म्हणाला, मी फोनवरचे मेन्यू बनवतो. साधा बटणांचा फोन घ्यायचा, स्टार, काही आकडे आणि हॅश दाबायचं. पडद्यावर यादी उघडते, त्यातला आकडा दाबायचा की पुढची यादी. इंटरनेट नको, पैसे नकोत. फोन कंपनीने त्याला एक कोड दिला होता, स्टार सात चार सहा हॅश. पण तीस दिवसांच्या बोलीवर. तेवढ्यात एक हजार वेगवेगळ्या नंबरांवरून लोकांनी कोड वापरला, तर कोड त्याचा. नाहीतर परत.

"आणि परत गेला तर?"

"मीपण परत. नायरोबीला. काकांनी विमा कंपनीत चिकटवायचं ठरवलंय."

"तीस दिवस कधी सुरू होतात?"

"परवाच सुरू झाले."

"किती जणांनी वापरला?"

"चौघांनी." मग थोडं थांबून, "त्यातला एक मी. दुसरा... पण मीच. दुसऱ्या सिमवरून."

"मेन्यूत आहे तरी काय?"

"इंग्लंडच्या फुटबॉलचे निकाल आणि रोज एक बायबलचं वचन."

त्याच सकाळी आई मटाटूच्या गाडीत कोंबून दोन तास लांब, लुआंडा कोटिएनोच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथे बोटी रिकाम्या लागल्या. डुंग्याच्या किनाऱ्याला, घरापासून चार पावलांवर, त्याच वेळी मासे ओसंडून वाहत होते. हे तिला रिकामं टोपलं घेऊन परत आल्यावर कळलं, आणि तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती.

"मासे टाक," मी म्हणाले.

"कुठे?"

"मेन्यूत. कुठल्या किनाऱ्यावर आज काय लागलंय आणि काय भावाने. बाजारातली प्रत्येक बाई दाबेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. पापण्यांवरचं पाणी पुसायचंही त्याला सुचलं नाही. पाऊस थांबला, शिंप्याने मशीन पुन्हा सुरू केलं, आईने दोनदा खाकरून दाखवलं, तरी तो बघतच होता. मग म्हणाला, "तुझं नाव काय?"

"आविनो."

"मी ओकेयो. आविनो, तू माझ्याबरोबर धंदा करशील?"

किबुये बाजारात पहिल्याच भेटीत मुलीला यापेक्षा वाईट प्रश्न विचारले जातात. मी हो म्हणाले. मासा घ्यायचा तो विसरला.

*

आमचं ऑफिस शवपेट्यांच्या दुकानात होतं.

मोठ्या इस्पितळाच्या रस्त्यावर अशी दुकानं ओळीने आहेत. त्यातला फुंडी, म्हणजे सुतार, ओसेवे हा ओकेयोच्या वडिलांचा मित्र. त्याने मागचा कोपरा आम्हाला दिला होता. टेबल नव्हतं, म्हणून लॅपटॉप शवपेटीवर ठेवायचो. अडचण एकच. आमच्याकडे अंत्यविधी शनिवारी असतात, म्हणजे गिऱ्हाईक शुक्रवारी येतं, म्हणजे आमचं टेबल दर शुक्रवारी विकलं जायचं. एकदा शिसवीसारखी काळी, गुळगुळीत पेटी मिळाली होती. ती गेली तेव्हा ओकेयो दारात उभा राहून इतका हळहळला, की मयताच्या घरच्यांना तो जवळचा नातेवाईक वाटला. त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. तो गेलाही.

मी तीन किनाऱ्यांवरच्या काटेवाल्यांना पटवलं. त्यांनी सकाळी वजन करता करता भाव कळवायचे, ओकेयोने ते मेन्यूत घालायचे. एक डुंगा, दोन लुआंडा कोटिएनो, तीन उसेंगे, शून्य मागे.

"न्यार सेमे," तो मला म्हणायचा. सेमे गावची लेक. आमच्याकडे बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात, त्यात आदर असतो. तो मारायचा तेव्हा आदरासोबत आणखीही काहीतरी असायचं... ते काय, हे मी त्याला कधी विचारलं नाही, थांबेल म्हणून. "न्यार सेमे, एका पानात एकशे साठ अक्षरं मावतात. जे सांगायचं ते तेवढ्यात."

"आणि जास्त सांगायचं असलं तर?"

"'पुढे' दाबायला सांगायचं."

"समोरच्याने नाहीच दाबलं तर?"

"तीन मिनिटं वाट बघायची. मग पान आपोआप बंद होतं."

"तीनच मिनिटं?"

"कंपनीचा नियम आहे. माझ्या हातात असतं तर..." तो म्हणाला, आणि पेटीवरचा लाकडाचा भुसा बोटाने झाडत बसला. तिथे भुसा नव्हता.

मेन्यू करून करून तो बोलायचाही तसाच. दुपारी मी डबा उघडला की—

"आज काय?"

"ओळख."

"एक, ओमेना. दोन, न्गेगे. तीन, तू जे आणशील ते."

"शून्य," मी म्हणायचे. शून्य म्हणजे मागे.

"मागे कसं जाऊ? हे पहिलंच पान आहे."

"हसू नका रे," पुढून फुंडी ओसेवे दबक्या आवाजात ओरडायचा, "गिऱ्हाईक रडतंय इथे!"

*

बारा दिवस झाले. नंबर झाले चौऱ्याऐंशी.

मला कळेना. मी बाजारातल्या एकेका बाईसमोर बसून शिकवलं होतं. स्टार, सात, चार, सहा, हॅश. फुकट आहे हेही सांगितलं होतं. सगळ्या मान हलवायच्या. आणि माझी सख्खी आई मटाटूत बसून लुआंडा कोटिएनोला जायची आणि रिकाम्या टोपल्याने परत यायची.

"आई, कोड दाबला नाहीस?"

"दाबला. तीनदा." टोपलं तिने आपटलं. "तुझा तो ओकेयो माणूस बरा वाटतो. पण त्याने आत बसवलाय ना कुणीतरी, तो उद्धट आहे."

"आत कोण बसवलाय?"

"मला काय ठाऊक? मी मिस्ड कॉल दिला. थांबले. पुन्हा दिला. थांबले. तिसऱ्यांदा दिला. एकदा तरी परत करावा माणसाने! न्यार असेंबोलासुद्धा नाही केला. तिने तर सकाळपासून सात दिलेत."

"आई... तू कोडला मिस्ड कॉल देतेस?"

"मग काय बाईमाणसाने आपण होऊन फोन करायचा?"

मी धावत शवपेट्यांच्या दुकानात गेले. ओकेयोने लॅपटॉपवरची नोंद उघडली. पान उघडायच्या आत तोडलेले प्रयत्न तीन हजार एकशे बारा. त्यातले एक्केचाळीस माझ्या आईचे.

ओकेयोने पडद्यावर बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला.

"अख्खा बाजार," तो सावकाश म्हणाला, "माझ्या कोडला मिस्ड कॉल देतोय."

"आणि तुझा कोड तुझ्यासारखाच आहे."

"म्हणजे?"

"परत फोन करत नाही."

त्याने पेन्सिल कानामागे खोचली. तिथे आधीच एक होती. मग तो एकदम माझ्याकडे वळला. डोळ्यांत तेच, त्या पहिल्या पावसातलं.

"मग करायला लावू त्याला! बाईने तोडला की कोडनेच तिच्याकडे जायचं. पान तिच्या फोनवर आपोआप उघडायचं. तिला फक्त आकडा दाबायचा."

"असं होतं?"

"होतं. कंपनीची परवानगी लागते."

परवानगीला चार दिवस लागले. ओकेयोने फॉर्मवर 'कारण' या रकान्यात 'शिष्टाचार' असं लिहिलं होतं आणि तिथल्या बाई तो फॉर्म घेऊन प्रत्येक टेबलाला दाखवत हिंडल्या.

पण मग कोड मिस्ड कॉल परत करू लागला. पहिल्याच सकाळी गाळ्यावर आईचा फोन थरथरला. तिने पदर सावरावा तसा डोक्याचा फडका सावरला, मग पडदा बघितला आणि एक दाबलं.

"डुंगा," ती म्हणाली. "म्बुटा भरपूर." आणि फोनला म्हणाली, "बरा वळणावर आलास."

*

विसाव्या दिवशी दोनशे. पंचविसाव्या दिवशी साडेचारशे. एकोणतिसाव्या दिवशी, गुरुवारी, सहाशे अकरा.

त्या दुपारी पाऊस होता. लाकडाचा ओला वास होता. ओकेयोने खिशातून बसचं तिकीट काढून पेटीवर ठेवलं.

"काकांनी पाठवलंय. उद्या तीनची बस."

"उद्याचा अख्खा दिवस आहे अजून."

"चारशे नंबर, न्यार सेमे? एका दिवसात?"

पावसाने दुकानासमोर एक तळं केलं होतं आणि त्यात एक बदक आलं होतं. आम्ही दोघं मन लावून बदकाकडे बघत होतो.

"ओकेयो, तुला मला काही विचारायचं नाहीये?"

"आहे ना."

"मग?"

"एकशे साठ अक्षरांत बसत नाहीये..."

"मी 'पुढे' दाबीन की."

त्याने तोंड उघडलं. आणि तो म्हणाला, "डुंग्याचा काटेवाला उद्या भाव लवकर पाठवेल का?"

"एक, हो. दोन, नाही," मी म्हणाले, आणि पावसातच निघाले. इतकी चिडले होते, की फोन भिजू द्यायचा नाही हेही विसरले.

*

शुक्रवारी काय झालं ते मला फुंडी ओसेवेने नंतर सांगितलं. त्याने ते इतक्यांदा सांगितलंय, की आता त्याच्या गोष्टीत वीजही कडाडते. पण मुद्दा खरा आहे.

सकाळी मी लुआंडा कोटिएनोला गेले होते, कारण तिथल्या काटेवाल्याने आकडे पाठवणं बंद केलं होतं. माझा फोन भिजून मेला होता. तो मी जाताना बाजारातल्या चार्जिंगवाल्या ओगुटूच्या खोक्यात ठेवला. ओगुटू तारेने बॅटरी जिवंत करायचा आणि दिवसाला पन्नास फोन सांभाळायचा.

ओकेयो मागच्या कोपऱ्यात एकटाच होता. त्याने अखेर ते लिहिलं होतं, एका पानात बसवून:

आविनो, मी आज बसने जाऊ का?
१. जाऊ नकोस
२. विचार करून सांगते
३. जा

पान पाठवायला त्याच्याकडे दोन पर्याय होते. 'फक्त आविनो' आणि 'सगळे'. एकाखाली एक. ही मांडणी त्याने स्वतःच केली होती. बोट 'फक्त आविनो'वर ठेवून तो अर्धा तास बसला होता म्हणे. तेवढ्यात दारात टेम्पो लागला, चार माणसं रडत आत आली आणि त्यांना नेमकी तीच पेटी पसंत पडली.

"ओमेरा, भावा, उचल तुझं यंत्र!" फुंडी म्हणाला. "वेळ नाही त्यांना!"

ओकेयोने घाईने लॅपटॉप उचलला. बोट घसरलं.

सहाशे अकरा फोनांवर एकदम पान उघडलं. शिवाय ते कोडच्या पहिल्याच पानावर बसलं. म्हणजे मासळीचा भाव हवा असेल, तर आधी ओकेयोच्या प्रश्नाचं उत्तर देणं भाग होतं.

किबुये बाजारात त्या दिवशी सतरा आविनो होत्या. त्यातल्या अकरा लग्न झालेल्या आणि एक आजी. सतराच्या सतरा जणींनी एक दाबलं. ज्या आविनो नव्हत्या त्यांनीही दाबलं. ज्यांनी कोड कधीच वापरला नव्हता, त्यांना शेजारणींनी ओरडून सांगितलं, अगं, दाब, एका पोराचा जीव टांगलाय. टोमॅटोवाल्यांनी दाबलं. कपडेवाल्यांनी दाबलं. सायकलवर माणसं वाहणाऱ्या बोडावाल्यांनी गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना दाबलं.

आणि मी मटाटूत होते.

*

दोन वाजता बाजारात उतरले, तर जो तो माझ्याकडे बघून हसतोय.

"मी एक दाबलं गं, जाबेर, सुंदरी!" भाजीवाली ओरडली.

"काय दाबलंस?"

"एकच! आमच्या घरातल्या तिन्ही फोनवरून एकच!"

"न्यार सेमे, नको जाऊ देऊस हं त्याला!" शिंपी म्हणाला. आयुष्यात तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

आई गाळ्यावर हाताची घडी घालून बसली होती. तिने मला सगळं सांगितलं. तिला प्रश्न तोंडपाठ झाला होता. मी खालीच बसले, बर्फाच्या पेटीवर.

"तू काय दाबलंस, आई?"

"दोन."

"दोन? अख्ख्या बाजाराने एक दाबलं आणि तू दोन?"

"मुलीकडच्यांनी लगेच हो म्हणायचं नसतं. आणि," ती जरा थांबून म्हणाली, "दोनच्या आत काय आहे ते बघायचं होतं. काही नव्हतं."

मी ओगुटूच्या खोक्याकडे धावले.

"जिवंत झाला तुझा फोन," ओगुटू अभिमानाने म्हणाला. "आणि जिवंत होताच त्यावर कुणीतरी काहीतरी विचारायला लागलं. तीन मिनिटांत बंद होतं ना ते? तू नव्हतीस. म्हटलं, वाया नको जायला. दिलं मी उत्तर."

"काय दाबलंस?" मी त्याच्या हातातून फोन ओढत विचारलं.

"तीन."

"तीन?!"

"मी कायम शेवटचा दाबतो. पहिल्या दोनात बॅलन्स कापतात."

मी कोड लावला. पान उघडलं. *आविनो, मी आज बसने जाऊ का?* मी एक दाबलं.

*या नंबरवरून उत्तर मिळालेले आहे. आभारी आहोत.*

एका नंबरवरून एकच उत्तर. हा नियम मीच ओकेयोला करायला लावला होता, कुणी लबाडीने दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून. त्याच्या दोन सिमांनी मला संशयी केलं होतं.

अडीच वाजले होते. बॅलन्स शून्य. मी ओकेयोला मिस्ड कॉल दिला. तीन सेकंदांनी त्याने मला मिस्ड कॉल दिला. मी पुन्हा दिला. त्याने पुन्हा दिला. अख्ख्या जगात आमच्या दोघांइतकं एकमेकांना काहीही न सांगू शकणारं कुणी नव्हतं.

"बस!" एक बोडावाला म्हणाला आणि त्याने सायकलचं मागचं कॅरिअर पुसलं. "मी पण एक दाबलंय."

मी बसले. चढावर आम्ही दोघं उतरून पळालो आणि उतारावर पुन्हा बसलो. आणि अर्थातच सरोवराकडून साहेब आले. पाऊस असा लागला, की पुढचा सायकलवाला नुसता पाठीचा ठिपका.

बस स्टँडवर सहा बसेस इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या आणि तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती. एक बस नुकतीच फाटकातून बाहेर पडून वळणाला लागली होती. मी तिच्या लाल दिव्यांकडे बघत भिजत उभी राहिले.

मग मला सुचलं. मी मिस्ड कॉल दिला आणि कान दिला.

डावीकडून कोंबडा आरवला. मी धावले. तो खरा कोंबडा होता, एका म्हातारीच्या टोपलीत.

पुन्हा दिला. दोन कोंबडे आरवले. एक म्हातारीचा. दुसरा... चहाच्या टपरीमागून.

ओकेयो टपरीच्या पत्र्याखाली बसला होता. मांडीवर पिशवीतला लॅपटॉप, हातात न खाल्लेली मंदाझी.

"तुझी बस गेली," मी म्हणाले. दुसरं काही सुचेना.

"माहितेय. मी बघितली जाताना."

"मग बसला का नाहीस?"

"निकाल पूर्ण लागला नव्हता." त्याने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. पडद्यावर पावसाचे थेंब पडत होते. "एक हजार त्रेचाळीस नंबर. पावणेदोनलाच हजार झाले. कोड राहिला आपल्याकडे."

"मग निकाल लागला ना!"

"एक हजार एक्केचाळीस 'जाऊ नकोस'. एक 'जा'." त्याने मान खाली घातली. "ते 'जा' तुझ्या नंबरवरून होतं. ते बघून मी इथे आलो. पण एक 'विचार करून सांगते' होतं... तुझ्या आईचं. म्हटलं, घरात अजून विचार चाललाय. मध्येच उठून जाणं बरं नाही."

"तीन ओगुटूने दाबलं," मी म्हणाले.

"कोण ओगुटू?"

"चार्जिंगवाला."

"त्याला मी का जायला हवाय?"

"त्याला काही पडलेली नाही. तो कायम शेवटचा दाबतो."

पत्र्यावरून पाण्याची धार आमच्या दोघांच्या मधोमध पडत होती. तो धारेपलीकडून म्हणाला, "मग... तुझं काय?"

मी टपरीवाल्याकडे वळले. सकाळच्या भाड्यातून उरलं होतं तेवढ्याचं बॅलन्सचं कार्ड घेतलं, सगळ्यात छोटं. नखाने खरवडलं. आकडे फोनमध्ये भरले. आणि तीन फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा फोन लावला.

कोंबडा आरवला. एकदा. तो वाट बघत राहिला, मी तोडीन म्हणून. दोनदा. तीनदा.

"उचल ना," मी म्हणाले.

"बॅलन्स जाईल तुझा..."

"जाऊ दे."

त्याने फोन कानाला लावला. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. ओठ हलताना दिसत होते आणि शब्द क्षणभर उशिरा कानात येत होते.

"हॅलो," तो म्हणाला. "कोण?"

"न्यार सेमे."

"बोल."

"एक," मी म्हणाले.

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. तसाच आम्ही फोन कानाला लावून उभे राहिलो, सत्तेचाळीस सेकंद, बॅलन्स संपेपर्यंत. आमच्या लग्नात झालेल्या खर्चापेक्षाही लोक अजून त्या सत्तेचाळीस सेकंदांबद्दल जास्त बोलतात. टपरीवाल्याने ते स्वतः पाहिले होते आणि त्याच्या मते तशी उधळपट्टी त्या स्टँडवर पुन्हा झाली नाही.

*

गेल्या महिन्यात फोन कंपनीचं पत्र आलं. आता सगळ्यांकडे मोठ्या पडद्याचे फोन आहेत, बटणं कुणी दाबत नाही, त्यामुळे जुने कोड बंद करण्यात येत आहेत. ओकेयोने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून त्या वेळच्या बसच्या तिकिटाशेजारी ठेवलं. इतक्या वर्षांत आमच्याकडे बारा किनारे झाले, खरं टेबल असलेलं ऑफिस झालं. त्या टेबलावर तो अजून शुक्रवारी दुपारी सामान पसरत नाही.

कोड बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई आमच्याकडे होती. ओटीवर बसून तिने जुना फोन काढला, स्टार, सात, चार, सहा, हॅश दाबलं आणि सवयीने तोडलं. मग वाट बघत बसली.

"आई, तो बंद झालाय," मी म्हणाले. "सांगितलं होतं ना?"

"करेल परत," ती म्हणाली.

पुन्हा दिला. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा दिल्यावर मात्र तिने फोन मांडीवर उपडा ठेवला. "झाला पुन्हा उद्धट," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. मला एकदम तिचं रिकामं टोपलं आठवलं.

आमच्याकडे जावयाने सासूशी मोकळेपणी बोलायची पद्धत नाही. समोर बसायचं नाही, तिच्यासमोर जेवायचं नाही, थट्टा तर नाहीच. ओकेयो आतल्या खोलीत होता, तो नेहमीच आई आली की असतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आईचा फोन वाजला.

तिने डोक्याचा फडका सावरला आणि फोन कानाला लावला. मी ओटी आणि आतली खोली यांच्या मधल्या दारात उभी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. भिंतीआडून, आणि क्षणभराने तिच्या फोनमधून.

"नमस्कार," ओकेयो यंत्रासारखा, एका सुरात म्हणाला. "डुंग्यासाठी एक दाबा. लुआंडा कोटिएनोसाठी दोन. उसेंगेसाठी तीन."

आईने आवाज ओळखला नसेल, असं मी म्हणणार नाही. पण पद्धत ती पद्धत. ती ताठ बसली, फोन कानापासून दूर धरला आणि अंगठ्याने सावकाश, जोर लावून, एक दाबलं.

"डुंगा," आतून आवाज आला. "न्गेगे भरपूर. ताजी. मागे जाण्यासाठी शून्य दाबा."

आई बराच वेळ फोन कानाला धरून बसली. शून्य काही तिने दाबलं नाही.